न वाचलेली दोन प्रकरणं

एका कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं मी गावाला वाचून दाखवली नाहीत. पुस्तक संपलं असं सांगितलं, नारळ फोडला आणि प्रसाद वाटला. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. ऐकून कुणी म्हणेल, यात काय एवढं? म्हणून सगळं नीट सांगावं लागेल, आणि नीट सांगायची मला सवय नाही. मी कमी बोलतो. लोक त्याला माझा चांगुलपणा समजतात.

आमचं गाव साखऱ्यापासून फार लांब नाही. कोरडवाहू जमीन, सोयाबीन, तूर, जमलंच तर थोडी हळद. ग्रामपंचायतीच्या मागं एक खोली आहे, तिथं वाचनालय चालतं. वाचनालय म्हणजे तीन लोखंडी कपाटं, एक बाक आणि मी. दिवसा शेत आणि संध्याकाळी ती खोली, असं माझं बरीच वर्षं चाललंय.

श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. आमच्याकडं पोथीला दोन माणसं बसतात. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. अर्थ सांगणारा भरकटला की वाचणारा खाकरतो, वाचणाऱ्यानं ओळ गाळली की अर्थ सांगणारा त्याला मागं आणतो. माझे वडील वाचायचे, मी अर्थ सांगायचो. वडील गेल्यावर वाचायला कुणी पुढं आलं नाही, म्हणून दोन्ही कामं माझ्याकडं आली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि एकदा लागलेली पोथी कुणी अर्धी सोडत नाही. सुतक आलं तर माणूस बदलतात, पण समाप्ती करतात. नारळ फुटला की पोथी पुरी झाली. यावर शंका घ्यायची असते, हे आमच्या गावात कुणाला सुचणारही नाही.

त्या वर्षी श्रावण संपला तरी माणसं दिवेलागणीला देवळात येऊन बसत राहिली. टीव्हीवर तेच तेच, मोबाइलवर पोरं, मग म्हाताऱ्यांनी जायचं कुठं? "वाचनालयात एवढी बुकं पडलीत, त्यातलं एखादं लावा की," असं एक जण म्हणाला. मी कोणतं लावावं या विचारात होतो, तेवढ्यात माझ्या पुतणीनं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

"काका, हे वाचा. लोकायला आवडंल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मायनं ऐकलं पाहिजे हे. तिला मी सांगितलं तर भांडण होऊन राहिलंय. तुमी वाचलं तर ऐकंल."

पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. तेव्हा बारावी झालेली. भाऊ ट्रक चालवायचा. एकदा पुण्याकडं गेला आणि घाटात गाडी उलटली. त्याचा फोन लागत नव्हता, मालकालाही काही माहीत नव्हतं. वहिनी फोन पदरात धरून ओसरीवर बसून राहिल्या. जेवायला उठल्या नाहीत. भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा उचललाही त्यांनीच. तेव्हापासून कुणी औंढ्याला देवदर्शनाला गेलं आणि यायला उशीर झाला, तरी त्या तशाच फोन धरून ओसरीवर येऊन बसतात. हे मला गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. एवढं ध्यानात ठेवा.

आमची दोन घरं एकाच अंगणात. माझ्या बायकोला लकवा झाला होता, उजवी बाजू गेलेली, बोलणं तोंडातल्या तोंडात. आम्हाला मूलबाळ नाही. तिचं सगळं ही पुतणीच करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, पाठीला पावडर लावणं. दवाखान्यातल्या सिस्टरनं एकदा बघितलं आणि म्हणाली, पोरी, तुझ्या हाताला वळण आहे, नर्सिंगला जा. पुतणीनं ते मनावर घेतलं. अर्ज केला आणि नंबर लागला. लागला तो नागपूरला. वसतिगृहात राहायचं, सणावाराला यायचं.

वहिनी नाही म्हणाल्या. का नाही ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. आपली बाजू मांडायला पुतणीनं ते पुस्तक पुढं केलं होतं.

मला विचाराल तर मी काय म्हणत होतो? मी म्हणायचो, "वहिनी म्हणतील तसं." जा म्हणालो नाही आणि जाऊ नको असंही म्हणालो नाही. ती गेली की अंथरुणावरचा तो जीव माझ्या एकट्याच्या अंगावर पडणार, हे मी मनातल्या मनात रोज घोकत होतो. पहाटे उठायचं, चादरी बदलायच्या, शेत कुणाकडं टाकायचं. मला भीती वाटत होती. कुणाचा तरी नकार हवा होता, पण तो माझ्या तोंडून यायला नको होता.

कादंबरी अशी होती. लांबच्या एका ग्रहावर वस्ती करायची आहे. पोचायलाच इतकी वर्षं लागतात की मोठी माणसं म्हातारी होऊनच उतरतील, म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाच पाठवतात. इथून निरोप धाडला तर तिथं पोचायला महिने जातात. त्यात एक मुलगी आहे, काचेच्या घुमटाखाली भाजीपाला पिकवणारी, आणि पृथ्वीवर तिची आई आहे, जिनं संमतीच्या कागदावर सगळ्यात शेवटी सही केली.

मला वाटलं होतं, लोक दोन दिवसांत कंटाळतील. कसचं काय. मी एक प्रकरण वाचायचो, मग पोथीसारखा अर्थ सांगायचो, आणि मग जो तो आपलं मत ठोकून द्यायचा.

"पाऊस न्हाई म्हणता, मग पिकवतात कशावर?" हळदवाले एक शेतकरी विचारायचे.

"तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळून वापरतात."

"म्हंजे आपल्या गावासारखंच की वो! काहून एवढ्या लांब गेले?"

देवळात हशा पिकायचा. एका आजीला वेगळीच काळजी. "पोरं-पोरी एकाच छपराखाली, वर मोठं माणूस न्हाई. लग्नं कोण लावंल त्यायची? लिहिणाराला लेकी न्हाईत वाटतं."

सगळ्यात बारीक ऐकायचे ते तांड्यावरचे आबा. तांडा गावाला लागूनच आहे. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आबा मात्र जन्मभर शेती करणारे. त्यांना ही गोष्ट मुळातच पटली नव्हती.

"तांडा हलायचा तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट हलायचा," ते म्हणाले. "नुसती लेकरं कोण धाडतं? रस्ता कोण दाखवणार?"

"कंप्युटर दाखवतो, आबा," मागून एक पोरगं म्हणालं.

"कंप्युटरला लेकराच्या पोटात दुखून राहिलं ते कळतं का रे? तुझ्या मायला कळतं. तेबी तू काही न सांगता."

वहिनी बायकांमध्ये खांबाला टेकून बसायच्या. त्यांनी कधी मत दिलं नाही. पण रोज यायच्या, आणि मला दिसायचं की त्या पुढं सरकत चालल्यात. एके दिवशी त्या खांबापाशी नव्हत्या, पुढच्या रांगेत होत्या. मुलीच्या हातच्या पहिल्या मेथीचं वर्णन आलं तेव्हा त्या हसल्या. भाऊ गेल्यापासून देवळात त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. परत जाताना अंगणात मला म्हणाल्या, "भाऊजी, ती पोरगी नीट राहून राहिली की तिथं. आईनं उगाच जिवाला घोर लावून घेतला."

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मी घरी येऊन पुढचं सगळं वाचून काढलं. पुढं वस्तीवर ताप येतो. काही मुलं दगावतात. धुळीचं वादळ सुटतं. आणि निरोप बंद होतात. पृथ्वीवरची आई रोज यंत्रापाशी जाऊन बसते, आणि यंत्रातून नुसती खरखर येते. हे प्रकरण तिथं संपतं. त्यानंतर दोन प्रकरणं आहेत. त्यात कळतं, वादळात निरोप धाडायचं यंत्रच मोडलेलं होतं. मुलगी जिवंत आहे. तापात तिनंच सगळ्यांची सेवा केली आणि आता ती वस्तीची वैद्य झाली आहे. यंत्र दुरुस्त झाल्यावर तिचा आवाज येतो. शेवटचं पान आईच्या उत्तराचं आहे. ते उत्तर मी इथं देत नाही. ज्यांनी ते आधी ऐकायला हवं होतं, त्यांना मी अजून ऐकवलेलं नाही.

पुतणीनं हे पुस्तक का निवडलं, ते मला कळलं. तिनं आईच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलं होतं. आवाज येत नाही म्हणजे माणूस गेलंच असं नसतं, एवढंच तिला सांगायचं होतं.

प्रवेशाची मुदत जवळ आली होती. मी वाचनाचा वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही. ताप आणि वादळाचं प्रकरण आलं तेव्हा मुदतीला थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी देऊळ भरलेलं होतं. मी वाचत गेलो. दगावलेल्या मुलांची नावं आली तेव्हा आजी डोळ्यांना पदर लावून बसल्या. पृथ्वीवरची आई यंत्रापाशी बसली. खरखर. मी वर बघितलं. वहिनींनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवले होते आणि त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"निरोप येत न्हाई म्हंजे?" त्यांनी विचारलं. पूर्ण वाचनात त्यांचा हा एकच प्रश्न.

मी अर्थ सांगणारा माणूस. अर्थ माझ्या तोंडात तयार होता. "थांबा, उद्या ऐका," एवढं म्हटलं असतं तरी पुरे झालं असतं.

मी म्हणालो, "म्हणजे काय, वहिनी. तुम्हाला काय सांगायचं."

आणि पुस्तक मिटलं. "संपलं," असं म्हणालो. मिटताना बोट पानांत अडकलं होतं. ते बाहेर काढलं तेव्हा अंगठ्याखाली उरलेल्या पानांची जाडी लागली.

मग आबा म्हणाले, "पानं बाकी दिसून राहिली, मास्तर."

मी मास्तर नाही, पण आबा मला मास्तरच म्हणायचे. माझ्या कानाची पाळी गरम झाली. "ती छापखान्याची माहिती असते, आबा. दुसऱ्या पुस्तकांच्या जाहिराती."

"असं," आबा म्हणाले. पुस्तकाकडं बघत पुन्हा म्हणाले, "पटलं न्हाई मला. लिहिणारानं आईला तसंच बसवून ठेवलं. असं कुणी करतं का?"

हळदवाले म्हणाले, "खरं हाय ते लिहिलं. गेलेलं लेकरू गेलंच." आजी म्हणाल्या, असली पोथी पुन्हा लावू नका, जेवण जाणार नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. समाप्ती झाली म्हणजे नारळ. मी पिशवीतला नारळ काढला. घरून निघताना तो आठवणीनं घेतला होता, हेही आता लिहून टाकतो. कुणी असं समजू नये की त्या वेळी तोंडून निघून गेलं. पहिल्या फटक्याला फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. खोबऱ्याचे तुकडे आणि साखर वाटली. वहिनींनी आपल्या वाट्याचं खाल्लं नाही. लेकीसाठी पदराच्या टोकाला बांधून घेतलं.

मी त्यांच्या पाठोपाठच अंगणात आलो. पुतणी माझ्या घरात बायकोजवळ होती. आईची चाहूल लागली तशी ती बाहेर धावली. मी आत जाऊन बायकोच्या गोळ्या काढायला घेतल्या. दार उघडंच होतं.

"माय, संपलं ना आज? काका म्हणले होते, आज संपंल."

"संपलं."

"शेवटपर्यंत ऐकलं तू?"

"व्हय. हा घे परसाद."

"मग?"

"मग काय? न्हाई."

"शेवट ऐकून बी न्हाई?"

"शेवट ऐकूनच न्हाई म्हणते. तू मला असलं ऐकायला धाडलंस? आपल्या मायला?"

मला वाटलं होतं पुतणी भांडेल, विचारेल, आणि विचारता विचारता सगळं उघडं पडेल. एक प्रश्न पुरला असता. शेवटी काय झालं, असं तिनं विचारलं असतं तर संपलं होतं. तिनं विचारलं नाही. तिला वाटलं, आईनं मुलीचा आवाज ऐकला, आईचं उत्तर ऐकलं, आणि तरीही दगडासारखी नाही म्हणाली. वहिनींना वाटलं, लेकीनं मुद्दाम आपल्या जखमेवर मीठ चोळलं. दोघी दोन वेगळी पुस्तकं धरून उभ्या होत्या, आणि मधल्या उघड्या दारात मी गोळ्या मोजत होतो.

तेव्हा मला बायकोची आठवण झाली. ती जागी होती. आणि एक गोष्ट माझ्या हिशेबात आलीच नव्हती. पुतणीनं हे पुस्तक देवळाच्या आधी तिला वाचून दाखवलं होतं. शेवटपर्यंत. बायकोला नीट बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं. तिनं बाहेरचं बोलणं ऐकलं होतं. मी गोळी तोंडाशी नेली. तिनं तोंड उघडलं नाही. डोळे माझ्यावर रोखलेले. मी पुन्हा नेली. तिनं मान भिंतीकडं वळवली. गोळी शेवटी पुतणीनं दिली, रडून झाल्यावर येऊन.

बायकोला किती कळलं, हे मी कधी विचारलं नाही. तिला सांगता आलं नसतं, आणि मला तेच सोयीचं होतं. पण त्या दिवसानंतर तिनं माझ्या हातून गोळी घेतली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

मुदत टळली. पुतणी घरीच राहिली, मला जे हवं होतं ते मिळालं. ती पूर्वीसारखीच माझ्या घरात राबत होती. फक्त आईशी कामापुरतं बोलायची. वहिनीही तशाच. एका चुलीवर दोघींचं जेवण व्हायचं आणि भांड्यांचा आवाज तेवढा यायचा. पुतणी माझ्याशी मात्र जास्तच मायेनं वागू लागली. एकदा म्हणाली, "काका, तुमी तरी माझ्या बाजूनं होता. एवढं पुस्तक लोकायपुढं वाचलं माझ्यासाठी." मी खाली बघून हूं म्हणालो.

मला कशाचा तरी आधार हवा होता. मोबाइलवर पुस्तक विकणाऱ्यांच्या ठिकाणी खाली वाचकांची मतं असतात, हे मला पुतणीनंच दाखवलं होतं. मी त्या कादंबरीची मतं वाचायला लागलो. कुणीतरी म्हणावं की शेवटची दोन प्रकरणं नसती तरी चाललं असतं, एवढ्यासाठी. बरीच मतं होती. एकानं यानाचं गणित चुकलं म्हणून झोडपलं होतं. कुणाला भाषा अवघड वाटली. एकीनं लिहिलं होतं की आपण वसतिगृहात असताना हे वाचलं आणि रात्री घरी फोन लावला. आणि खरोखरच एकानं लिहिलं होतं, "शेवट गोड केलाय, खरखर ऐकू येते तिथंच थांबायला हवं होतं." तो शिकलेला असणार. ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. त्याच्या आडोशाला काही दिवस बरे गेले.

मग एक नवं मत आलं. नाव नव्हतं. दोन तारे. लिहिलं होतं: "पुस्तक चांगलं आहे पण खोटं आहे. यातली आई शेवटी समजून घेते. माझ्या आईनं हे पूर्ण ऐकलं, शेवटसुद्धा. काही फरक पडला नाही. पुस्तकानं माणूस बदलतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

नाव असण्याची गरज नव्हती. मी वाचनालयाच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या कपाटात ते पुस्तक होतं. उठून ते घ्यावं, अंगण ओलांडावं आणि दोघींना समोर बसवावं, असं वाटलं. मी उठलो नाही. वाचनालय बंद करायची वेळ झाली होती, मी ते बंद केलं.

पुतणीचं लग्न हट्टा गावच्या मुलाशी झालं. नवरा बरा आहे, घरची शेती आहे. तिथल्या एका डॉक्टरकडं ती मदतनीस म्हणून जाते, इंजेक्शनं देते. नर्स म्हणवून घेत नाही, कुणी म्हणालं तर दुरुस्त करते. दिवाळीला येते तेव्हा आईसाठी साडी आणते, आणि दोघी त्या साडीबद्दल बोलतात. परवा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी जवळच दिली, बस बदलायची बी गरज न्हाई. तरी लांबच वाटून राहिली. काहून असं?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "लग्न झालेल्या पोरींचं असंच असतं."

या वेळी वाचायला पुस्तक नव्हतं, जमलेली माणसं नव्हती, आजारी बायको नव्हती. तरीही खोटंच बोललो. त्या दिवशी माझी खात्री पटली की मी ती प्रकरणं भीतीपोटी गाळली असतील, पण नंतरची सगळी वर्षं सवयीनं गाळत आलो आहे. म्हणून हे लिहायला घेतलं. तोंडानं सांगण्यापेक्षा लिहिणं सोपं आहे, याचीही मला लाज वाटते. पुतणी वाचणारी आहे, हे कुठं छापून आलं तर तिच्या हाती पडेल. वहिनींना वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत हे असं पोचणार नाही.

वहिनींना ती दोन प्रकरणं वाचून दाखवणं माझ्याकडं बाकी आहे. पुतणी शेजारी बसलेली असताना वाचायची आहेत, आणि वाचण्याआधी ती मीच गाळली होती हे दोघींना सांगायचं आहे. हे मी अजून केलेलं नाही.